अधिक, उणे आणि एक भूत

प्रिय उणे,

पत्राला बसण्याआधी खोलीची कडी आतून लावून घेतली आहे. मघापासून मी एकटीच हसतेय आणि लेक दोनदा डोकावून गेली. तिला वाटतंय, आईचं काहीतरी बिनसलं. बिनसलं काहीच नाही गं, उलट इतकं जमून आलंय की पेन हातात ठरत नाही. तेव्हा अक्षर किडमिडं आलं तर सांभाळून घे. आणि आधीच सांगून ठेवते, आपल्यात ठरलेली अट मी आज मोडणार आहे. फिजिक्स सोडून जगातलं काहीही लिही, असं तू निघताना बजावलं होतंस. इतकी वर्षं मी ती अट इमानेइतबारे पाळली. माझ्या अक्कलदाढेची हकीकत तुला पाठ आहे, शेजारणीने गच्चीच्या किल्लीवरून घातलेला घोळ तुला माझ्याइतकाच माहीत आहे, पण मी दिवसभर फळ्यापुढे काय करते ते मी कधी लिहिलं नाही आणि तू विचारलं नाहीस. आज लिहिणार. पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण शेवटच्या ओळीपर्यंत वाचून मग फाड. एवढं ऐक माझं.

सुरुवात घरच्याच गोष्टीने करते, म्हणजे तू लगेच बिथरणार नाहीस. मला चाळिशी लागली. वर्षभर मी मान्यच करत नव्हते. कागद लांब धरून वाचायचे आणि वर दिव्याला नावं ठेवायचे. शेवटी लेक म्हणाली की आता आईचे हात लांब करून घ्यावे लागतील, आणि मला हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी नंबर लिहून दिला, कोपऱ्यावरच्या दुकानात चष्मा टाकला, आठवड्याने तो हातात आला. घातला आणि घराचा जिनाच तिरका झाला. फरशीचे चौकोन पतंगासारखे दिसायला लागले. दोन पायऱ्या उतरले असेन, कठड्याला मिठी मारून खाली बसले. लेक पोट धरून हसत होती. मी तशीच तणतणत दुकानात गेले.

आता तू हसशील, कारण हा तुझ्याच दुकानातल्या रोजच्या कामातला भाग आहे. तरी सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माझ्या नंबरात सिलिंडर, म्हणजे एकाच कोनातल्या धूसरपणाचा नंबर, निघाला. डॉक्टर सिलिंडरचा नंबर अधिक चिन्हात लिहितात, आणि त्या दुकानात सगळं काम उणे चिन्हात चालतं. दोन्हींचा अर्थ एकच, फक्त बदलताना तीन गोष्टी एकदम बदलाव्या लागतात: साधा नंबर, सिलिंडरचं चिन्ह आणि कोन. काउंटरवरच्या मुलीने तिन्ही नीट बदलून कागद आत पाठवला. आत काच घासणाऱ्या गृहस्थांना वाटलं, डॉक्टरांचाच आकडा आहे. घाई होती, त्यांनी सवयीने चिन्ह तेवढं पलटलं. म्हणजे बाकी सगळं तिचं बरोबर, आणि चिन्ह दोनदा पलटून होतं तिथे परत. दोघांची माझ्यासमोरच जुंपली. दोघंही आपापल्या जागी अगदी खरे होते, दोघांनीही कामात कसूर केली नव्हती. ती मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली, "मी बदललं होतं हो. यांनी परत बदललं."

उणे, मी त्या काउंटरला धरून उभी राहिले. ती मुलगी घाबरली, तिने मला पाणी दिलं. तिला वाटलं मला त्या चष्म्याने घेरी आली. मला घेरी नव्हती आली. मला आपली खोली दिसत होती.

विभागातली ती उतरत्या छपराची, दोन टेबलांची खोली आठव. खिडकीपाशी तू, दाराजवळ मी, मध्ये तडा गेलेला फळा. पहिल्याच दिवशी आपण भांडलो होतो. अवकाशाची तीन अंगं आणि काळाचं एक, यांना एकत्र मांडताना एका गटाला अधिक चिन्ह द्यावं लागतं आणि दुसऱ्याला उणे. कुणाला कुठलं द्यायचं हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. मी काळाला अधिक लिहायचे, तू उणे. मला माझ्या सरांनी तसं शिकवलं होतं, तुला तुझ्या पुस्तकांनी. दोघींपैकी एकीनेही माघार घेतली नाही. मी म्हणायचे काळाला कमी लेखणं बरं नव्हे, तू म्हणायचीस तीन बिचाऱ्या दिशांवर अन्याय का. शेवटी अख्ख्या विभागाने आपली खरी नावं सोडून दिली. चहाच्या टपरीवरचा माणूससुद्धा अधिकबाईंचा कमी साखरेचा, उणेबाईंचा जास्त साखरेचा असं म्हणून सगळ्यांना हसवायचा. आपला कागद तुझ्या टेबलावरून माझ्याकडे आला की भाषा बदलायची, परत गेला की पुन्हा बदलायची. इतकी वर्षं एकत्र काम केलं, पण एकच चिन्ह वापरू या असं काही आपल्या तोंडून निघालं नाही. हट्टी होतो मेल्या.

आणि मग तुझ्या बाबांचं नवं चष्म्याचं दुकान. सुट्टीत आपण दोघी मदतीला गेलो होतो. मोठं थोरलं रिकामं दालन, चारी भिंती सारख्या, काउंटर अजून यायचं होतं. लोकांनी कुठे उभं राहायचं याची खूण नव्हती. पहिले एक आजोबा आले आणि उगाच आरशाकडे तोंड करून उभे राहिले. दुसरी बाई त्यांच्या मागे. मग तिसरा. थोड्या वेळात रांग झाली, आणि दुपारपर्यंत त्या दालनाला पुढची बाजू आणि मागची बाजू आली. नंतर आलेल्यांना विचारलं असतं तर त्यांनी शपथेवर सांगितलं असतं की हे दालन असंच बांधलंय. तू हातातला चष्म्यांचा डबा तसाच धरून उभी होतीस. मला म्हणालीस की नियमाने कुठल्याही भिंतीला झुकतं माप दिलं नव्हतं, तरी रांग एकाच भिंतीकडे गेली. मग रिकाम्या अवकाशातही असंच झालं असेल तर? नियम सगळ्या दिशांना सारखे, स्थिर माणसाला आणि धावत्या माणसाला सारखे, सापेक्षता जशीच्या तशी. पण अवकाश स्वतःच एका दिशेला तोंड करून बसलेलं. कुणी सांगितलं नाही, आपोआप. कुठेही गेलं तरी तिथे एक बारीकसा बाण आधीच उभा.

त्याही पुढचं तुला रात्री सुचलं नाही की स्वप्नात दिसलं नाही, तिथेच भरदुपारी सुचलं. आजोबांनी कंटाळून पायावरचा भार बदलला आणि ते किंचित वळले. मागची बाई किंचित वळली, तिच्या मागचा वळला, आणि ते वळणं रांगेच्या शेवटापर्यंत पोचलं. रांग मोडायला जोर लागला असता, पण थोडंसं वळायला काहीच लागत नव्हतं. तू माझं मनगट इतकं घट्ट धरलंस की माझी बांगडी फुटली. बाण सगळीकडे आहे, तो किंचित वळतो, ते वळण काही खर्च न होता पसरत जातं, आणि समीकरणात त्याचं वागणं हुबेहूब प्रकाशासारखं. म्हणजे दिवा लावला की जे खोलीभर पसरतं, ते अवकाशाच्या मोडलेल्या सममितीचं हलणं असू शकेल. चष्म्याच्या दुकानात उभं राहून तू हे बोललीस. माझ्या अंगावर काटा आला होता. आत्ता लिहितानाही आलाय, बघ.

आता नको असलेलं लिहिते. ते सेमिनार. आपल्या विषयातले ते थोर पाहुणे, ज्यांना आपण पाठीमागे मांत्रिक म्हणायचो, कारण कुणाच्याही सिद्धांतात भूत दाखवण्यात त्यांचा हातखंडा होता. लेकीने मला विचारलं की भूत म्हणजे काय. मी तिला सांगितलं, ज्याची ऊर्जा शून्याच्याही खाली जाते असं कंपन. असं एक जरी घरात शिरलं तरी बाकीच्यांनी त्याच्याकडून ऊर्जा घेत सुटावं आणि ती कधी संपूच नये, असा सगळा अनर्थ. अशा सिद्धांताला कुणी दारात उभं करत नाही. त्यांनी आपला मसुदा घेतला, फळ्यावर आपलं ते शेवटचं पद लिहिलं, बाण आणि त्याच्या बदलांना एकत्र गुंफणारं, आणि चार ओळींत भूत काढून दाखवलं. तू त्यांना एक प्रश्नसुद्धा विचारला नाहीस. उठलीस, डस्टर घेतलंस आणि स्वतःची समीकरणं स्वतःच्या हाताने पुसलीस. मग बाबांचे हात थरथरायला लागल्याचं निमित्त झालं, आणि तू दुकानात गेलीस ती गेलीसच. जाताना म्हणालीस, "माझं नाव कुठेही लावू नकोस." मी तुझ्यावर फार चिडले होते. मला वाटलं होतं, तू भांडशील. काळाच्या एका चिन्हासाठी माझ्याशी वर्षानुवर्षं भांडणारी तू, आणि स्वतःच्या सगळ्यात सुंदर कल्पनेसाठी एक शब्द नाही.

तर काउंटर. पाणी प्यायले, तो तिरका चष्मा पर्समध्ये टाकला आणि तिथून तडक विभागात गेले. लेकीला रस्त्यात सांगितलं की घरी जा, भात लाव, मला उशीर होईल. फळा स्वच्छ पुसला आणि सगळं अगदी पहिल्यापासून, एकट्या माझ्या चिन्हात मांडलं. तुला ठाऊकच आहे, चिन्हांची पद्धत बदलली की काही पदं तशीच राहतात आणि काहींचं चिन्ह एकदा, फक्त एकदा, पलटावं लागतं. आपलं शेवटचं पद पलटावं लागणाऱ्यांतलं. माझ्या फळ्यावर ते अधिक आलं. मसुदाही माझ्याच चिन्हात होता, आणि त्यात ते उणे होतं. मी खडू खाली ठेवला. उणे, ते पद तुझ्या टेबलावर जन्मलं होतं. तू मोठ्या मनाने, अधिकला त्रास नको म्हणून, देण्याआधीच माझ्या भाषेत बदलून ठेवलंस. आणि मी मोठ्या मनाने, नेहमीसारखं, आल्याबरोबर बदललं. एका भाजीत दोघींनी मीठ घातलं. भाजी खारट झाली आणि मांत्रिकांनी ती चाखून खारट आहे म्हणून सांगितलं, त्यात त्यांचं काय चुकलं? त्यांचं गणित बरोबर होतं. त्यांच्या ताटात वाढलेलं चुकीचं होतं. चूक तुझी नव्हती, माझीही नव्हती. आयुष्यभर एकमेकींशी भांडलो आणि एकदाच एकमेकींची काळजी केली, तेवढ्यात भूत शिरलं.

चिन्ह नीट केलं की काय होतं सांगू? सगळ्या कंपनांची ऊर्जा शून्याच्या वर. सगळ्यांची. मी प्रत्येक तपासलं, मग शेजारच्या खोलीतल्या दोन नव्या विद्यार्थिनींना काही न सांगता तपासायला दिलं, त्यांचंही तेच आलं. आणि बाणाचं ते हलकं वळणं, तुझा प्रकाश, सगळं जसंच्या तसं. निसर्गात खरंच तसं आहे का, ते प्रयोगवाले बघतील, त्याला आपली नातवंडं म्हातारी होतील कदाचित. पण गणित उभं आहे गं. ठणठणीत उभं आहे. मी त्या रिकाम्या खोलीत टाळ्या वाजवल्या, मग रडले, मग परत टाळ्या वाजवल्या. रखवालदार बघायला आला. त्याला मी सांगितलं की माझ्या मैत्रिणीचं भूत उतरलं. तो बिचारा दोन पावलं मागे सरकला.

पण घरातल्या घरात नाचून काय उपयोग? ज्या हॉलमध्ये तुझी समीकरणं पुसली गेली, तिथेच ती परत लिहायची होती. मी मांत्रिकांना बोलावलं. आता निवृत्त झालेत, काठी घेऊन चालतात, कानाला यंत्र आहे, पण नजर तीच. पहिल्या रांगेत बसले. मी बोलायला लागले. शेवटच्या पदाशी आले तेव्हा त्यांनी काठी आपटून मला थांबवलं, हळूहळू उठले आणि माझ्या हातातला खडू काढून घेतला.  ते लिहीत गेले. अगदी सावकाश, प्रत्येक चिन्हापाशी थांबून. एकदा मागे वळून माझ्याकडे बघितलं. मग अख्खा फळा भरल्यावर ते दोन पावलं मागे आले, आणि म्हणाले, "यात भूत नाही. त्या दिवशीही कल्पनेत नव्हतं."

पुढच्या टाळ्यांचं काय वर्णन करू? काळाला अधिक द्यायला शिकवणारे माझे सर उभे राहिले. आपल्या वेळी जी मंडळी मागच्या बाकांवर बसून खुसखुसली होती, ती आता पांढऱ्या केसांनी उभी राहून टाळ्या वाजवत होती. मला सगळ्यांना कडकडून मिठी मारावीशी वाटत होती आणि सगळ्यांचे कान उपटावेसेही वाटत होते. पण टाळ्या संपेपर्यंत मांत्रिक जागेवर बसले नाहीत. काठीवर दोन्ही हात ठेवून त्यांनी हॉलभर नजर फिरवली आणि मला विचारलं, "ती दुसरी कुठे आहे?" मी म्हटलं, चष्म्याच्या दुकानात. सगळे हसले. ते हसले नाहीत. त्यांनी खडू टेबलावर ठेवला, मान खाली घातली आणि म्हणाले की मग हे व्याख्यान अजून अर्धंच झालंय.

आता पत्र कशासाठी, ते. पेपर मी कुठेही पाठवलेला नाही. फोनवर हे सांगितलं असतं तर पहिल्या वाक्याला तू फोन ठेवला असतास, म्हणून हाताने लिहितेय. तुझं नाव पहिलं घातलंय. तू लावू नकोस म्हणालीस, ते मी ऐकणार नाही, वाटल्यास समोर येऊन भांड. शेवटचा भाग, प्रकाशाच्या वळणाचा, मी मुद्दाम कोरा ठेवलाय, कारण तो मला जमणार नाही आणि तुला झोपेतही जमेल. आणि ऐक, बसली आहेस ना? सगळा पेपर मी तुझ्या चिन्हात लिहिलाय. काळाला उणे. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. हॉलमध्येही मी तसंच मांडलं, आणि सर खुर्चीतून पडायचे तेवढे राहिले. आता तुला काही बदलावं लागणार नाही, आणि मला तर नाहीच नाही, तेव्हा भाजी खारट व्हायची भीती संपली. मागच्या पत्रात तू लिहिलंस की धाकटा भाऊ आता दुकान उत्तम सांभाळतो आणि दुपारी तू नुसती काचा पुसत बसतेस. उरलेल्या अर्ध्या व्याख्यानाची तारीख मी घेतली आहे आणि वक्त्याच्या जागी तुझं नाव दिलं आहे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी, त्याच हॉलमध्ये, त्याच फळ्यावर. सोबतच्या डबीत तो तिरका चष्मा पाठवतेय. दोन मिनिटं डोळ्याला लावून बघ, इतकी वर्षं तू आपला सिद्धांत याच्यातूनच बघत होतीस. मग येताना माझ्यासाठी नीट नंबरचा घेऊन ये, दुसऱ्या कुणाच्या हातचा मी घालणार नाही, आणि तुला फळ्यावर लिहिताना मला स्पष्ट बघायचंय. बाबांना नमस्कार सांग. पत्राच्या शेवटी काही अधिक-उणं लिहिलं गेलं असेल तर माफ कर, असं म्हणायची रीत आहे. मी नाही म्हणणार. अधिक-उणं हा जोडशब्द कुणी तोडून लिहीत नाही गं. नुसतं अधिक लिहून मी कंटाळले आहे. ये.

तुझीच, आणि आता काळाला उणे लिहिणारी,
अधिक